देण्याजोगं बी

बियांच्या देवाणघेवाणीत बी मिळवणं हा सोपा भाग. शेजारच्या रानातलं एखादं वाण नजरेत भरतं, आपण मागतो, समोरचं माणूस मूठभर बी ओंजळीत टाकतं. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ते बी वाढवायचं, त्यातलं चांगलं निवडायचं, वाळवायचं, टिकवायचं आणि पुढे कुणी मागितलं तर त्याबद्दलच्या प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देता येईल अशा तयारीने द्यायचं. मी घेणारी होते, देणारी व्हायला बरेच हंगाम गेले. त्या काळात जे शिकले ते लिहून ठेवते आहे. बी वाटण्याबद्दल लोक भरभरून बोलतात, पण वाटण्याआधी काय काय करावं लागतं ते क्वचितच कुणी नीट सांगतं.

घरची थोडकी जमीन मी कसायला घेतली तेव्हा आमच्याकडे स्वतः धरलेलं बी जवळजवळ उरलंच नव्हतं. दर हंगामाला पाकीट आणायचं, पेरायचं, पुढच्या हंगामाला पुन्हा पाकीट. त्यातली बरीच वाणं संकरित. संकरित पिकाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. एक झाड उंच, एक बुटकं, एक लवकर फळतं, एक उशिरा. त्यामुळे बी धरायची सवयच घरातून गेली होती आणि तिच्यामागची माहितीही गेली होती. दाणे कुणीही देईल, ती माहिती कुठून आणायची हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

सुरुवात वेलीच्या घेवड्यापासून केली. आमच्या बांधाला लागून एका वयस्कर बाईंचं रान आहे. त्यांना सगळे आजीच म्हणतात. त्यांचा घेवडा दरवर्षी मांडवभर पसरायचा आणि बाकीच्यांचा संपला तरी लागत राहायचा. मी बी मागितलं. आजींनी बरणीला हात लावण्याआधी मलाच विचारायला सुरुवात केली. "तुझ्या रानात पाणी साचतं का गं? मांडव घालणार की नुसत्या काठ्या रोवणार? शेजारी आणखी कोण घेवडा लावतं? सगळं तोडून खाणार की बियाला ठेवणार?" मला तेव्हा वाटलं, द्यायचं मनात नसावं. पण माझी उत्तरं ऐकून त्या बी कमी-जास्त करत होत्या आणि त्यासोबत काय सांगायचं तेही ठरवत होत्या.

दाणे तपकिरी, त्यावर गडद ठिपके. ओंजळीत टाकल्यावर त्यांनी बोटाने चाळून दोन पांढरे दाणे बाजूला काढले. "ही वेगळी निघालीत. पेरायची तर दूर पेर, यात मिसळू नको." मग त्या घेवड्याचे दोष सांगितले. उशिरा येतो. पहिल्या फुलांची गळ होते, म्हणून घाबरून पाणी वाढवायचं नाही. पायाशी ओल राहिली तर मुळं कुजतात. जून दाणा शिजायला वेळ घेतो. आणि पान आकसलं, त्यावर फिकट-गडद हिरवे चट्टे उठले तर ते झाड उपटून टाकायचं, त्याचं बी कधीच धरायचं नाही.

हे शेवटचं सांगणं किती मोलाचं होतं ते मला पुढे वाचताना कळलं. घेवड्यावरचा मोझॅक रोग विषाणूचा असतो आणि तो मावा किडीमार्फत पसरतो तसा बियातूनही पुढच्या पिढीत जातो. शेंगांवर काळपट खोलगट डाग पाडणारा करपाही बियाबरोबर फिरतो. म्हणजे बी हातोहात जातं त्याच वाटेने रोगही जाऊ शकतो. म्हणून बाहेरून आलेलं कुठलंही नवं बी मी पहिल्या हंगामात माझ्या बाकीच्या घेवड्यापासून लांब, एका कोपऱ्यात लावते आणि रोज एकदा त्याची पानं उलटून बघते. देणाऱ्यावर अविश्वास म्हणून नाही. रोगाची लागण दिसायच्या आधीच झालेली असू शकते, देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

परत काय द्यायचं, तेही आजींनी सांगून टाकलं. पीक चांगलं आलं तर दुप्पट, नाहीच आलं तर काही नाही, पण येऊन सांगायचं. गावोगावच्या बीज बँका जगभर साधारण याच तत्त्वावर चालतात. घेतलं त्याहून जास्त परत करायचं, म्हणजे साठा वाढत जातो आणि पुढच्या माणसाला द्यायला काहीतरी राहतं. त्यातल्या "येऊन सांगायचं" या भागाकडे मी आधी लक्ष दिलं नव्हतं. आज मला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दिलेलं बी कुठे गेलं आणि तिथे कसं वागलं हे कळलं नाही तर देणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

घेवडा शिकायला चांगलं पीक आहे. त्याचं फूल उमलायच्या सुमारास स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे भेसळ कमी. दोन वाणांत थोडं अंतर ठेवलं की बहुतेक वेळा भागतं. सगळी मेहनत निवडीत आहे. निवड करायची झाडाची, शेंगेची नव्हे. खाऊन उरलेल्या शेंगा बियाला ठेवल्या तर पिढ्यान् पिढ्या उरलेलंच निवडलं जातं. मी वेल फुलावर असतानाच चांगल्या वेलींच्या बुंध्याला लाल दोरा बांधते आणि घरात बजावून ठेवते की लाल दोऱ्याच्या वेलीची एकही हिरवी शेंग तोडायची नाही. पहिली शेंग कुठल्या वेलीला आली, ऊन तापल्यावर कुठली वेल टवटवीत राहिली, मावा कुणावर बसला नाही, हे सगळं तेव्हाच बघून ठेवायचं. शेंगा वाळल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात.

शेंग वेलीवरच वाळू द्यायची. हलवली की आत दाणे खडखडले पाहिजेत. पाऊस अंगावर येतोय असं दिसलं तर अख्खी वेल उपटून आडोशाला उलटी टांगायची, म्हणजे उरलेली पक्वता आतल्या आत पुरी होते. सोललेले दाणे सुपात पसरून सावलीत, वाऱ्यावर वाळवायचे. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर किंवा फरशीवर कधीच नाही, कारण बी जिवंत असतं आणि भाजलं तर मरतं. वाळलं की नाही ते दाताने कळतं. दाण्यावर दात रोवला आणि खूण उमटली तर अजून ओल आहे. खूण उमटत नाही, दाणा दाताला टणक लागतो, तेव्हा भरायचं.

वाळवण्याला मी इतकं महत्त्व का देते, त्याला कारण आहे. हॅरिंग्टन नावाच्या बीजशास्त्रज्ञांचा एक ठोकताळा आहे. बियातला ओलावा एक टक्क्याने कमी झाला की बियाचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. साठवणीच्या जागेचं तापमान सुमारे पाच अंश सेल्सिअसने उतरलं की तेही साधारण दुप्पट होतं. अगदी टोकाच्या ओलाव्याला हा हिशेब लागू पडत नाही, पण घरगुती साठवणीला पुरेसा आहे. म्हणजे ज्याच्याकडे शीतगृह नाही त्याच्याकडेही एक साधन आहेच, नीट वाळवणं. घट्ट झाकणाची बरणी, तळाला चांगला वाळलेला कोळसा, त्यावर कापड, वर बी, आणि बरणी घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या जागी.

भुंग्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो. घेवड्याचा भुंगा बरणीत बाहेरून येतो अशी बऱ्याच जणांची समजूत असते. तो पुष्कळदा शेतातूनच आलेला असतो. अंडी वाळत्या शेंगेवर पडतात, अळी दाण्यात शिरते, आणि काही आठवड्यांनी दाण्याला गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो, तोवर वरून काही दिसत नाही. बारीक चाळलेली राख दाण्यांमधल्या फटी भरून टाकते आणि भुंग्याला हालचाल करू देत नाही, म्हणून ती जुनी पद्धत चांगली आहे. ज्यांच्याकडे फ्रीजर आहे त्यांनी पूर्ण वाळलेलं बी घट्ट बरणीत काही दिवस गोठवावं. मात्र बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही. ती घरच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड दाण्यांवर हवेतलं पाणी जमतं आणि वाळवलेलं सगळं वाया जातं. ओलं बी तर गोठवायचंच नाही.

आजींना दुप्पट बी परत केलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "किती उगवतंय?" माझ्याकडे उत्तर होतं. ओल्या फडक्यात वीस दाणे गुंडाळून ठेवायचे, फडकं सुकू द्यायचं नाही, आणि ठरलेल्या दिवसांनी मोड आलेले मोजायचे. सोळा उगवले तर शंभराला ऐंशी. प्रयोगशाळेत याहून जास्त दाणे घेतात, पण मूठभर बियातून शंभर दाणे चाचणीला घालवणं परवडत नाही. हा आकडा न सांगता बी देणं मला पटत नाही. घेणाऱ्याचा अख्खा हंगाम त्यावर अवलंबून असतो.

इथपर्यंत सगळं एका घराला जमण्यासारखं आहे. मका घेतला आणि कळलं की काही पिकांचं बी एकट्या घराला राखताच येत नाही.

मक्याचं ताट स्वतःच्या परागावर फारसं अवलंबून नसतं. शेंड्याच्या तुऱ्यातून पराग उडतो, वारा तो नेतो आणि दुसऱ्याच ताटाच्या कणसाच्या केसांवर तो पडतो. कणसाचा एकेक केस आत एकेका दाण्याशी जोडलेला असतो, आणि ज्या केसावर पराग पडला नाही त्याची जागा कणसात रिकामी राहते. हे पीक जगतं ते गर्दीवर. मोजक्या ताटांचं बी धरत गेलं तर काही पिढ्यांत ताटं खुजी होतात, कणसं लहान होतात, दाणे विरळ भरतात. म्हणून किमान शंभर, जमलं तर दोनशे ताटांच्या कणसांतून थोडं थोडं बी घ्यावं असं सांगतात, आणि तीही निवडलेली ताटं. म्हणजे निवडायला वाव राहावा यासाठी रानात त्याहून कितीतरी जास्त ताटं हवीत. ज्याच्याकडे चार-दोन वाफे आहेत त्याने हे कुठून आणायचं?

पांढरा मका ज्यांच्याकडून घेतला त्या दादांनीच याचा मार्ग दाखवला. ते वाण राखणारी काही घरं आहेत. प्रत्येक घर आपापल्या रानातली चांगली कणसं निवडतं, कणसाच्या मधल्या भागातले दाणे काढतं, आणि पेरणीआधी सगळी आपलं बी एकत्र ओततात. हाताने चांगलं कालवतात आणि पुन्हा वाटून घेतात. प्रत्येकाच्या वाट्याला सगळ्यांच्या रानातलं बी येतं. मला हे आधी एक जुनी रीत म्हणून आवडलं होतं. परागीभवनाचा हिशेब समजला तेव्हा लक्षात आलं की ही रीत नसती तर ते वाण एवढ्या छोट्या तुकड्यांवर टिकलंच नसतं. लहान शेतकऱ्याची देवाणघेवाण ही त्याच्या पैदाशीच्या पद्धतीचाच एक भाग आहे. माझं म्हणणं सगळं मिळून एवढंच आहे, आणि ते मला मक्याने शिकवलं.

मेक्सिकोतल्या हालिस्को राज्यात कुसालापा नावाचं एक ठिकाण आहे. तिथले शेतकरी मक्याचं बी कुठून आणतात याचा अभ्यास १९९० च्या दशकात झाला. पेरलेल्या बियाच्या नोंदींपैकी निम्म्याहून थोडं जास्त बी स्वतःच्या पिकातलं होतं, एक तृतीयांशाच्या वर त्याच परिसरातल्या दुसऱ्या शेतकऱ्याकडचं, आणि उरलेलं बाहेरून आलेलं. मक्याचं मूळ घरच तो देश. तिथेही "आपलं वाण" म्हणजे कुंपण घालून जपलेली वस्तू नव्हती, बी सतत या रानातून त्या रानात जात होतं.

पांढऱ्या मक्याला एक सोय आहे. शेजाऱ्याच्या पिवळ्या मक्याचा पराग आला तर ते त्याच हंगामात, त्याच कणसात दिसतं. पांढऱ्या ओळींमध्ये मधूनच एखादा पिवळा दाणा बसलेला असतो. पिवळा रंग पांढऱ्यावर प्रभावी असल्यामुळे हे लगेच उघड होतं. दादा कणीस सोलतात, अंगठ्याने फिरवत जातात आणि पिवळा दाणा दिसला की नखाने उचकटून टाकतात. कणसाच्या एकाच अंगाला पिवळे दाणे जास्त दिसले तर वाऱ्याची दिशा कळते. त्या बाजूच्या शेजाऱ्याशी मग पुढच्या वेळी पेरणीच्या तारखेबद्दल बोलायचं. दोन पेरण्यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर पडलं तर एकाचा तुरा झडून जातो तोवर दुसऱ्याचे केस बाहेरही आलेले नसतात. अंतर राखण्याइतकी जमीन नसते, तेव्हा तारखा राखाव्या लागतात, आणि त्यासाठी शेजाऱ्याशी संबंध चांगले असावे लागतात.

लाल भोपळ्याचं काम मात्र घरच्या घरी होतं, पण पहाटे उठावं लागतं. भोपळ्याची नर आणि मादी फुलं वेगळी असतात आणि मधमाशा एका रानातला पराग दुसऱ्या रानात सहज नेतात. वाण शुद्ध ठेवायचं तर हाताने फळवावं लागतं. संध्याकाळी वेलींवर फिरून दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या ओळखायच्या. त्या फुगलेल्या असतात आणि टोकाशी पिवळसर झालेल्या असतात. मादी कळीच्या खाली छोटा भोपळा आधीच धरलेला असतो, नर कळीचा देठ सरळ, बारीक. दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने हलके बांधून ठेवायची, म्हणजे पहाटे आपल्या आधी माशी आत शिरत नाही. सकाळी नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलायच्या, मधला परागाने भरलेला दांडा उघडा करायचा. मादी फुलाचा दोरा सोडला की ते हातातच हळूहळू उमलतं. दांडा आतल्या चिकट भागावर सगळीकडून फिरवायचा. नर फूल दुसऱ्या वेलीवरचं घ्यायचं, आणि एकाऐवजी दोन-तीन घेतली तर जास्त चांगलं. मग मादी फुलाचं तोंड पुन्हा बांधायचं आणि देठाला खुणेची चिंधी. पुढे चिंधीचाच भोपळा बियाला. तो वेलीवर पूर्ण जून होऊ द्यायचा आणि काढल्यावरही काही आठवडे तसाच ठेवायचा, आतलं बी आणखी भरतं.

चिंधी बांधलेली सगळीच फुलं धरत नाहीत. काही पिवळी पडून गळतात. दोन-चार दिवसांनी इवला भोपळा फुगलेला दिसला की फार बरं वाटतं.

पेरणीआधी आम्ही मंडळी कुणाच्या तरी अंगणात जमतो. आपापल्या बरण्या, पुरचुंड्या, कागदी पाकिटं घेऊन. पूर्वी नुसतं "हे घे, ते दे" चालायचं. आता प्रत्येक पुरचुंडीबरोबर एक चिठ्ठी असते. बी कुणाकडून आलं, कुठल्या हंगामातलं, किती झाडांवरून धरलं, शेजारी त्याच पिकाचं दुसरं वाण होतं का, उगवण किती, आणि दोष काय. दोषाची ओळ रिकामी ठेवायची नाही असा आमचा आपसांतला नियम आहे. वाणाचं नाव मी चिठ्ठीत शेवटी लिहिते, कारण एकाच नावाने दोन वेगळी वाणं फिरतात आणि एकच वाण दोन नावांनीही फिरतं. दाण्याचं वर्णन जास्त भरवशाचं.

मीही घेताना विचारते. सरळ वाण, म्हणजे धरलेलं बी तसंच पुढे येणारं, आहे की संकरित पिकातून धरलेलं? कुणी चांगल्या मनाने आणलेलं बी संकरित टोमॅटोचं असतं. पहिल्या वर्षीचं फळ बघून त्यांना वाटतं हेच पुढे येईल, पण पुढच्या पिढीत सगळं वेगवेगळं निघतं. कांद्याचं बी असेल तर वर्ष विचारते. कांद्याचं बी फार अल्पायुषी, साध्या साठवणीत वर्ष-दोन वर्षांत उगवण कोसळते. घेवडा तीन-चार वर्षं निघतो, टोमॅटो त्याहून जास्त. एकदा तिथूनच मी आणलेलं कांद्याचं बी जवळजवळ उगवलंच नाही. देणाऱ्या बाईंना मी जाऊन सांगितलं. त्यांनाही ते दुसरीकडून आलेलं होतं आणि किती जुनं ते माहीत नव्हतं. वर्षाची नोंद चिठ्ठीवर सक्तीची झाली ती त्यानंतर.

२०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच आफ्रिकी देश आणि हैती इथल्या लहान शेतकऱ्यांच्या नोंदींवरून त्यात बियाचे स्रोत तपासले होते. नव्वद टक्क्यांच्या आसपास बी कंपन्या किंवा सरकारी यंत्रणांबाहेरून येत होतं, म्हणजे स्वतःचं, शेजाऱ्याचं किंवा स्थानिक बाजारातलं. एकट्या स्थानिक बाजाराचा वाटा सुमारे निम्मा. हे वाचून मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. आनंद, कारण ज्याला लोक मागासलेलं समजतात ते खरं तर एवढ्या जमिनी पेरतं. काळजी अशी की बाजारातल्या ढिगातल्या बियाबरोबर ते पिकवणारा माणूस नसतो. कुठल्या मातीतलं, किती झाडांचं, रोग होता का, कोण सांगणार? ओळखीतली देवाणघेवाण जिथे कमी होते तिथे दाणे फिरत राहतात आणि माहिती मागे राहते.

हे सगळं कायद्यात बसतं का, असं नवी मंडळी हमखास विचारतात. उत्तर देशागणिक वेगळं आहे. अन्न व शेतीसाठीच्या वनस्पती जनुकीय संसाधनांचा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला आणि २००४ पासून अमलात आला. शेतकऱ्याने धरलेलं बी राखणं, वापरणं, देवाणघेवाण करणं आणि विकणं हे विषय त्याच्या नवव्या कलमात येतात, पण ते देशाच्या कायद्याच्या अधीन राहून. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या एकोणिसाव्या कलमात बियाचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. दुसऱ्या बाजूला वाणांच्या पैदासकारांचे हक्क जपणारा यूपीओव्ही करार आहे. त्याच्या १९९१ च्या आवृत्तीत संरक्षित, म्हणजे पैदासकाराचा हक्क असलेल्या, वाणाचं बी शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर पुन्हा पेरण्याची सवलत देशांना ठेवता येते, शेजाऱ्याला द्यायची मुभा त्यात येत नाही. भारताने त्या करारात न जाता २००१ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि संरक्षित वाणाचंही बी राखणं, पेरणं, वाटणं, विकणं शेतकऱ्याला मोकळं ठेवलं. अट एकच, ब्रँडच्या नावाने विकायचं नाही. पिढ्यान् पिढ्या फिरत आलेल्या वाणांचा प्रश्न वेगळा, ती मुळात कुणा एकाची नाहीत. तरी मी चिठ्ठीत बियाचं मूळ लिहायचा आग्रह धरते त्यात हाही विचार आहे.

एका हंगामात आजींचा घेवडा पूर्ण गेला. पाऊस लांबला, मुळं कुजली, उरलेल्या शेंगा वेलीवरच बुरशीने काळ्या पडल्या. बरणीतल्या जुन्या बियाला भुंगा लागलेला होता. आजी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडचा दाखव." मी बरणी आणली, चिठ्ठी वाचून दाखवली. त्यांनी मला एकेक प्रश्न विचारला. किती वेलींचं? कुठल्या कोपऱ्यातलं? पानं आकसली होती का? उगवण किती? मग दाणे तळहातावर घेऊन उजेडात बराच वेळ बघितले.

माझा घेवडा तोवर त्यांच्या घेवड्यासारखा राहिलेला नव्हता. माझं रान हलकं, पाणी लवकर आटतं. उशिरा फळणाऱ्या वेलींना माझ्याकडे शेवटपर्यंत ओल मिळत नाही, त्यामुळे त्यांचं बी कमी पडतं आणि लवकर येणाऱ्या वेलींचं जास्त. हंगामामागून हंगाम हेच होत गेलं आणि वाण थोडं लवकर येणारं झालं. चिठ्ठीवर मी ते लिहिलेलं होतं. आजी म्हणाल्या, "लवकर येतोय तर लवकर संपतही असेल." ते खरं होतं. त्यांनी माझ्याकडचं बी घेतलं, आणि ओढ्याकाठी भारी जमीन असलेल्या एका बाईंकडचंही घेतलं. त्यांनाही ते कधीकाळी आजींकडूनच गेलं होतं आणि तिथे ते अजून उशिराचंच होतं. दोन्ही त्यांनी मांडवाच्या दोन बाजूंना वेगवेगळी लावली. कुठलं ठेवायचं ते वेलीच सांगतील, म्हणाल्या.

असंच मोठ्या पातळीवरही होतं. नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बर्फाळ डोंगरातली जागतिक बीज तिजोरी २००८ मध्ये सुरू झाली. तिथून बी पहिल्यांदा परत मागावं लागलं ते २०१५ मध्ये. सीरियातल्या युद्धामुळे इकार्डा या कोरडवाहू शेतीवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेला अलेप्पोजवळचा आपला बियांचा संग्रह वापरता येईना, तेव्हा आधी पाठवून ठेवलेल्या प्रतींतून त्यांनी बी काढून घेतलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत ते वाढवलं आणि २०१७ मध्ये पुन्हा तिजोरीत जमा केलं. तत्त्व तेच, आपलं बी दुसऱ्याकडेही असू द्यावं. पण गोठवलेलं बी जसं ठेवलं तसं परत येतं. ओढ्याकाठच्या बाईंकडे किंवा माझ्याकडे ठेवलेलं बी त्या मातीशी जुळवून घेत बदलत राहतं. मला दोन्ही हवंसं वाटतं. तिजोरीतलं हरवू नये म्हणून, रानातलं बदलत्या हवेशी जुळत राहावं म्हणून. पेरूमध्ये कुस्कोजवळ, पिसाकच्या परिसरातल्या बटाटा उद्यानातल्या गावांनी २००४ मध्ये लिमाच्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राशी करार करून आपली जुनी वाणं परत मिळवली आणि ती पुन्हा डोंगरावरच्या शेतांत लावली. संग्रहातलं बी पुन्हा शेतकऱ्याच्या हातात आलं, हे मला त्या करारातलं सगळ्यात चांगलं वाटतं.

सध्या आमचं अडलंय ते कांद्यापाशी. कांद्याचं बी एका वर्षात हाती येत नाही. आधी कांदा पिकवायचा, त्यातला आकाराने, रंगाने, टिकण्याने चांगला निवडायचा, तो ठेवणीत टिकवायचा, पुन्हा लावायचा, मग फुलोरा येतो आणि बी धरतं. परागीभवन मधमाशांसारख्या कीटकांकडून, म्हणजे मक्यासारखीच गर्दी हवी आणि आसपास दुसरं वाण नको. एवढं सगळं करून बी टिकणार वर्ष-दोन वर्षं, म्हणजे दरवर्षी कुणीतरी ते करतच राहिलं पाहिजे. एकट्याने कुणी यात पडायला तयार नाही, आणि ते बरोबरच आहे. यंदा काही घरांनी मिळून ठेवणीतले न कोंबलेले, मानेला बारीक कांदे वेगळे काढलेत. लागवड दादांच्या रानात करायची ठरली आहे, कारण तिथे आसपास दुसरं कुणी कांदा बियाला सोडत नाही. फुलोऱ्याच्या काळात राखण कोण करणार आणि बी कसं वाटायचं, हे येत्या बैठकीत ठरेल.